तुटलेला दात आणि रंगकामाचे आम्ल

१/ पटाशीच्या दाताचा कोपरा तुटला, तर आज तो बहुधा एका बैठकीत भरून मिळतो. पूर्वी मात्र तुटलेला भाग सावरण्यासाठी उरलेला निरोगी दातही कोरावा लागे. हा क्रम कसा उलटला, त्याचा हा इतिहास.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिंक फॉस्फेट सिमेंट आले. झिंक ऑक्साइडची पूड फॉस्फोरिक आम्लात कालवायची. टोपी बसवण्यास ते उत्तम. पण ते दाताला चिकटत नसे, केवळ फटीत अडकून राही. शिवाय ते अपारदर्शक होते.

३/ विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिलिकेट सिमेंट रूढ झाले. यात काचेची पूड असे, द्रव मात्र पुन्हा फॉस्फोरिक आम्लाचाच. रंग दातासारखा दिसे. पण लाळेत ते झिजे आणि चावण्याचा ताण त्याच्या कडेला सोसत नसे.

४/ मग मोठ्या तुटीवर उपाय उरे तो पूर्ण टोपीचा. त्यासाठी दात चहूबाजूंनी घासावा लागे. लहान मुलांच्या दातात नसेची पोकळी मोठी असते. त्यामुळे घासताना नसेलाच इजा होण्याचे भय असे.

५/ १९५५. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या ईस्टमन डेंटल डिस्पेन्सरीतील मायकेल बुओनोकोर यांनी कारखान्यांतील एक रीत हेरली: रंग पक्का बसावा म्हणून धातूला आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. त्यांनी ८५ टक्के आम्ल ३० सेकंद एनॅमलवर लावले. पृष्ठभाग सूक्ष्म खाचांनी खडबडीत झाला आणि ॲक्रिलिक त्यात रुतून बसले.

६/ सिमेंट कालवण्यासाठी जे आम्ल दंतवैद्यांच्या हाताशी अनेक दशके होते, तेच दाताला पकड देऊ शकते, हे असे उमगले. तरीही स्वीकार संथ झाला. आम्ल दाताचा शत्रू, हीच त्या व्यवसायाची शिकवण होती. आणि ॲक्रिलिक घट्ट होताना आकसत असे.

७/ ही दुसरी उणीव रफाएल बोवेन यांच्या रेझिनने बरीच कमी केली; त्याचे पेटंट १९६२चे. पुढे १९७२ मध्ये लंडनच्या विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर सिमेंट मांडले. ते दाताशी रासायनिक बंध जोडते. मात्र ते ठिसूळ असल्याने तुटलेल्या कडेसाठी रेझिनच श्रेष्ठ ठरले.

८/ आज भरण्यापूर्वी दातावर लावतात तो, बहुधा निळा, जेल म्हणजे तेच फॉस्फोरिक आम्ल, अधिक सौम्य केलेले. काही सेकंदांनी ते धुतले जाते, आणि उरलेला दात न कोरता शाबूत राहतो.