नाकारलेल्या नोंदींचा इतिहास : रिलेशनल डेटाबेसमधील एकगठ्ठा भरण्याचा एक अभ्यास

बीजशब्द : एकगठ्ठा भरणा, रिलेशनल डेटाबेस, निर्बंध, लॉग, नाकारलेली नोंद, देवनागरी.

प्रस्तावना :

दप्तरात काय आहे याबरोबरच काय नाही, आणि जे नाही ते का नाही, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला विचारावाच लागतो. कागदी दप्तराबाबत ही शिस्त महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांच्या काळापासून रुजलेली आहे. संगणकातील दप्तराबाबत मात्र आपण हा प्रश्न क्वचितच विचारतो. पडद्यावर यादी दिसली की ती पूर्ण आहे असे गृहीत धरतो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात प्रवेशाच्या कामात असताना प्रस्तुत लेखकाला या गृहीतकाचा फटका बसला. प्रवेश अर्जांची एक मोठी फाइल डेटाबेसमध्ये एकदम भरण्यात आली. काम संपल्याचा संदेश आला. परीक्षेच्या बैठक क्रमांकांची यादी लागली तेव्हा काही विद्यार्थ्यांची नावेच नव्हती. शोध घेता असे दिसले की फाइलमधील रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले होते, आणि ‘मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. अमुक’ असा पत्ता लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदीत स्वल्पविराम अधिक पडल्याने रकाने सरकले होते. यंत्राने त्या नोंदी नाकारल्या होत्या व एका वेगळ्या फाइलीत ठेवल्याही होत्या. पण दुसऱ्या दिवशी त्याच नावाने पुन्हा भरणा झाला आणि ती फाइल पुसली गेली. वगळली गेलेली मुले बहुतांशी खेड्यातील होती, कारण पत्त्यात तालुका लिहिण्याची गरज त्यांनाच पडते. कागदी अर्ज कपाटात होते म्हणून नावे परत आली.

संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एकगठ्ठा भरणा हा वेगाचा विषय म्हणून येतो. प्रस्तुत निबंधात त्याकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. न स्वीकारलेल्या नोंदीचे काय करायचे, याविषयी निरनिराळ्या प्रणालींनी घेतलेले निर्णय हा या निबंधाचा विषय होय. हे निर्णय बहुधा साधनाच्या मूळ मांडणीत, म्हणजे वापरणाऱ्याने काही न सांगितल्यास लागू होणाऱ्या मूल्यांत, दडलेले असतात. म्हणूनच ते ऐतिहासिक साधन ठरतात.

कार्ड आणि घंटी :

या प्रश्नाचा आरंभ संगणकापूर्वीचा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची गणनयंत्रे वापरण्यात आली. सुमारे सव्वासहा कोटी लोकसंख्येतील प्रत्येक व्यक्तीसाठी एक छिद्रित कार्ड, अशी ती योजना होती. कार्ड यंत्राच्या दाबपट्टीखाली ठेवले की छिद्र असेल तेथून टाचण्या खालच्या पाऱ्याच्या वाट्यांत उतरत, विद्युत्मंडल पूर्ण होई आणि तबकडीवरील काटा एक घर पुढे सरके. कार्ड नीट वाचले गेल्याची खूण म्हणून घंटी वाजे. एखादे आवश्यक छिद्रच राहून गेले असेल तर घंटी वाजत नसे. मग कारकून ते कार्ड बाजूला काढी आणि मूळ तक्त्याशी ताडून पाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते ही न वाजलेली घंटी म्हणजे नाकारलेल्या नोंदीच्या इतिहासाचे पहिले पान आहे. येथे नकार त्याच क्षणी, माणसाच्या कानावर, एका वेळी एका कार्डापुरता येत असे. आणि दुरुस्तीसाठी मूळ कागद हाताशी असे. पुढे १९२१ च्या आगीत या जनगणनेच्या मूळ तक्त्यांचे मोठे नुकसान झाले व उरलेसुरले नंतर नष्ट करण्यात आले. तेव्हापासून त्या जनगणनेतील व्यक्तिवार नोंद पडताळण्याचा मार्ग बहुतांशी बंद झाला. आकडे राहिले, आधार गेला.

हॉलरिथ यांची कंपनी १९११ मध्ये ज्या समूहात विलीन झाली, त्याचेच नाव १९२४ मध्ये आयबीएम झाले. १९२८ मध्ये आलेले ऐंशी रकान्यांचे कार्ड पुढे अनेक दशके माहिती भरण्याचे प्रमाण माप राहिले. आजही भरणा-साधनाला ‘अमुक स्थानापासून तमुक स्थानापर्यंत हा रकाना’ असे सांगण्याची सोय असते. ती त्या कार्डाच्या चौकटीची आठवण आहे.

कॉड यांनी मोकळा ठेवलेला पर्याय :

एडगर कॉड यांचा रिलेशनल प्रतिमान मांडणारा निबंध जून १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीची मांडणी आणि ती यंत्रात प्रत्यक्ष कशी साठवली आहे, यांची फारकत हे त्याचे मुख्य प्रतिपादन सर्वपरिचित आहे. त्यातील सुसंगतीविषयीच्या विवेचनाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. विसंगती शोधण्याचे दोन मार्ग कॉड तेथे सांगतात. एक, प्रत्येक नवी नोंद येताना तपासणी करणे. याने काम मंदावेल हे ते मान्य करतात. दुसरा, दिवसातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा एकत्रित तपासणी करणे. म्हणजे ‘आधी तपासा मग घ्या’ आणि ‘आधी घ्या मग तपासा’ या दोन्ही वाटा प्रतिमानाच्या जन्मापासूनच खुल्या होत्या. पुढच्या पन्नास वर्षांत प्रत्येक भरणा-साधनाने यांपैकी कोणती वाट धरायची, हे आपापल्या परीने ठरवले.

ही निवड करावी लागण्याचे कारण तांत्रिक आहे. रिलेशनल डेटाबेसमध्ये एक नोंद रीतसर घालायची तर आज्ञेचा अर्थ लावणे, निर्बंध तपासणे, इंडेक्स अद्ययावत करणे आणि बदलाची खबर लॉगमध्ये लिहिणे, एवढी कामे होतात. लॉग हा प्रणालीचा विश्वासाचा पाया होय. यंत्र मध्येच बंद पडले तर पूर्ण झालेले व्यवहार राखायचे व अर्धवट व्यवहार मागे घ्यायचे, हे त्याच्याच आधारे होते. आयबीएममधील सी. मोहन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एरीज’ पद्धतीने या विचाराला परिपक्व रूप दिले. शंभर नोंदींसाठी हा खर्च जाणवत नाही. एका रात्रीत लाखो नोंदी भरायच्या असल्या की तो परवडेनासा होतो आणि आडवाटा निघतात.

आडवाट आणि तिची कबुली :

आयबीएमने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या डीबी-टू या प्रणालीच्या ‘लोड’ साधनाने घेतलेली भूमिका अभ्यासण्याजोगी आहे. लॉग न लिहिता भरणा करता येतो. पण तसे केल्यास, ताजी प्रत घेईपर्यंत माहितीची ती जागा ‘प्रत प्रलंबित’ या अवस्थेत राहते व तीत बदल करता येत नाहीत. परस्परसंदर्भ न तपासता भरणा केल्यास ‘तपासणी प्रलंबित’ अवस्था लागते आणि तपासणी होईपर्यंत ती माहिती वापराला मिळत नाही. आडवाटेने जायला मुभा आहे, परंतु त्याची कबुली दारावर टांगलेली राहते. जुन्या काळच्या हिशेबनिसाची ही वृत्ती प्रस्तुत लेखकाला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटते.

ओरॅकलच्या ‘एसक्यूएल लोडर’ची आज्ञाभाषा डीबी-टूच्या भाषेशी इतकी जवळची आहे की, ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांच्या पुस्तिकेत डीबी-टूच्या वापरकर्त्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट होते. या साधनाचे दोन मार्ग आहेत. पारंपरिक मार्गाने नोंद नेहमीच्या आज्ञेने आत जाते. ‘डायरेक्ट पाथ’ या मार्गाने माहितीचे ठोकळे तयार करून थेट साठवले जातात. थेट मार्गात रिक्त मूल्याचा निर्बंध पाळला जातो. परंतु परकीय कळ व ‘चेक’ निर्बंध भरण्यापुरते निष्क्रिय होतात आणि ट्रिगर चालत नाहीत. एकमेवतेचा भंग तर भरण्याच्या अखेरीस कळतो. तोवर दुबार नोंदी तक्त्यात जाऊन बसलेल्या असतात आणि इंडेक्स निरुपयोगी ठरलेला असतो.

सायबेस आणि तिच्यापासून निघालेला मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर (१९८९) यांच्या ‘बीसीपी’ साधनाने वेगळी रीत पाडली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बीसीपीने भरणा करताना, स्पष्टपणे मागितल्याखेरीज, ‘चेक’ व परकीय कळीचे निर्बंध तपासले जात नाहीत. भरण्यानंतर तक्ता लगेच वापरासाठी खुला असतो. निर्बंध जागेवरच असतो, मात्र प्रणाली स्वतःच्या सूचीत तो ‘अविश्वसनीय’ अशी खूण करून ठेवते. २००५ च्या आवृत्तीपासून ही खूण प्रणालीच्या सूचीदृश्यांत पाहता येते. तेथे मुद्दाम जाऊन कोणी पाहिले तरच ती दिसते. सत्य लिहिलेले आहे, पण कोणाच्या वाटेत न येईल अशा जागी.

नाकारलेल्यांची वही :

नाकारलेल्या नोंदींबाबत ओरॅकलने केलेली व्यवस्था सर्वांत तपशीलवार म्हणावी लागेल. चुकीच्या नोंदी ‘बॅड फाइल’मध्ये जातात, त्या मूळ फाइलच्याच स्वरूपात लिहिल्या जात असल्याने दुरुस्त करून पुन्हा भरता येतात. निवडीच्या अटीत न बसणाऱ्या नोंदींसाठी ‘डिस्कार्ड फाइल’ असते. पण ती मागितली तरच तयार होते, एरवी त्या नोंदी कोठेही उरत नाहीत. चुकीची व वगळलेली नोंद यांत केलेला हा भेद सूक्ष्म आहे. चुकांची मर्यादा, काही न सांगितल्यास, पन्नास धरली जाते. ती ओलांडली की भरणा थांबतो, परंतु पारंपरिक मार्गात तोपर्यंत पक्क्या झालेल्या नोंदी आतच राहतात. एसक्यूएल सर्व्हरच्या साधनांत हीच मर्यादा दहा आहे. पन्नास का आणि दहा का, यामागे कोणतेही तत्त्व नसावे. पण अशा आकड्यांवर देशोदेशींच्या कचेऱ्यांतील याद्या ठरल्या आहेत.

मायएसक्यूएलची जुनी रीत याहून निराळी, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने अधिक धोक्याची होती. सैल पद्धतीत ती नोंद नाकारतच नसे. मूल्यच बदलून घेई. अंकाच्या जागी अक्षरे आली तर शून्य, लांब मजकूर आला तर तो छाटलेला, अशक्य तारीख आली तर शून्यांची तारीख. इशारा मिळे, पण तपशिलाने दिसणाऱ्या इशाऱ्यांची संख्या मूळ मांडणीत चौसष्टपुरती होती. वगळलेल्या नोंदीचा निदान मोजदादीत फरक दिसतो. बदललेली नोंद मोजणीत बरोबर येते आणि म्हणून सापडत नाही. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून काटेकोर पद्धत हीच मूळ मांडणी झाली. तरीही वापरकर्त्याच्या यंत्रावरील फाइल भरताना बऱ्याच चुका इशाऱ्यावरच निभावतात.

पोस्टग्रेसच्या ‘कॉपी’ आज्ञेने दुसरे टोक गाठले. एक ओळ चुकली की संपूर्ण भरणा रद्द, असा तिचा दंडक होता. दहा लाखांतील शेवटच्या ओळीत चूक निघाली तरी हाती काही उरत नसे. वापरणाऱ्यांनी याबद्दल वर्षानुवर्षे कुरकुर केली. अखेर २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत चुकीच्या ओळी वगळून पुढे जाण्याची सोय झाली, तीही मूल्याचा प्रकार न जुळल्यास होणाऱ्या चुकांपुरती. निर्बंधाचा भंग झाल्यास भरणा पूर्वीप्रमाणेच रद्द होतो. अशा किती ओळी वगळू द्याव्यात, याची मर्यादा घालण्याची सोय २०२५ च्या अठराव्या आवृत्तीत आली. वगळलेल्या ओळींची वेगळी फाइल ही आज्ञा करत नाही. मागितल्यास प्रत्येक वगळलेल्या ओळीची सूचना तेवढी देते. हॉलरिथ यांच्या घंटीच्या उलट येथे चुकीवर घंटी वाजते, आणि तीही आधी सांगून ठेवले तर.

देवनागरी नोंदी :

मराठीतील नोंदींना या इतिहासात एक जादा अडसर आला. १९९१ हे वर्ष योगायोगाने दुहेरी महत्त्वाचे आहे. भारतीय लिपींसाठीचे इस्की हे मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही त्याच वर्षातली. इस्कीत देवनागरी वर्णचिन्हाला सामान्यतः एक बाइट पुरतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात तीन लागतात. ‘कोल्हापूर’ या शब्दात स्वरचिन्हे व हलन्त धरून नऊ चिन्हे आहेत, म्हणजे सत्तावीस बाइट. तेच नाव रोमन लिपीत आठ बाइटांत मावते. रकान्याची लांबी बाइटांत मोजून वीस ठरवली असेल तर रोमन नोंद सुखाने आत जाते आणि मराठी नोंद नाकारली जाते.

एसक्यूएल लोडरमध्ये चिन्हाने वेगळ्या केलेल्या मजकूर-रकान्याची लांबी न सांगितल्यास ती २५५ बाइट धरली जाते. देवनागरीत ही पंच्याऐंशी चिन्हे होतात. वाडी, पोस्ट, तालुका व जिल्हा लिहिलेला मराठी पत्ता ही मर्यादा सहज ओलांडतो. लांबी चिन्हांत मोजावी, असे कंट्रोल फाइलमध्ये सांगता येते. ते सांगायचे असते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. एसक्यूएल सर्व्हरवर तर यूटीएफ-८ फाइल थेट भरण्याची सोय २०१६ च्या सुमारास आली. तोवर फाइल वेगळ्या युनिकोड रूपात बदलून द्यावी लागे, नाही तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे.

आणखी एक बारकावा मराठीत जाणवतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ या चिन्हाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. कागदावर व पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. बाइटांची तुलना करणाऱ्या प्रणालीला ते दोन शब्द असतात. त्यामुळे एकाच व्यक्तीची नोंद दोन कळफलकांवरून टंकित होऊन आली तर एकमेवतेचा निर्बंध ती दुबार म्हणून ओळखत नाही. अशी नोंद बॅड फाइलमध्ये सापडत नाही, इशाऱ्यांतही नाही. नावांची यादी हातात घेऊन, मोठ्याने वाचत बसले की सापडते.