मोरावियातील वीजजाळे आणि बोरूव्कांचा वृक्ष

ऑक्टोबर १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीची बादशाही मोडून चेकोस्लोव्हाकियाचे गणराज्य अस्तित्वात आले, तेव्हा जुन्या साम्राज्यातील कारखानदारीचा फार मोठा हिस्सा त्याच्या पदरी पडला. खेडोपाडी मात्र रात्रीच्या वेळी अजून रॉकेलच्या दिव्यांचाच अंमल होता. म्हणून २२ जुलै १९१९ रोजी, म्हणजे राज्य पुरते वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा, मुलखाच्या पद्धतशीर विद्युतीकरणास सरकारी साहाय्य देणारा कायदा मंजूर झाला. या राज्याच्या मध्यभागी मोराविया हा प्रांत, आणि ब्र्नो हे त्याचे मुख्य शहर. ब्र्नोच्या पश्चिमेस ओस्लावानी येथे कोळशाच्या खाणीलगतच वीजघर बांधलेले होते आणि ते १९१३ पासून चालू होते. आता प्रश्न उरला होता तो ही वीज दक्षिण मोरावियातील द्राक्षमळ्यांच्या आणि शेतीवाडीच्या गावांपर्यंत नेण्याचा, आणि ते काम पश्चिम मोराविया वीज कंपनीकडे होते.

तांब्याची तार महाग, खांब महाग, मजुरीही महाग. तेव्हा सर्व गावे एकमेकांस जोडली जावीत, पण तारेची एकूण लांबी कमीत कमी भरावी, हा कंपनीच्या जमाखर्चाचा अगदी रोखठोक प्रश्न होता. वरवर पाहता यात गणित कुठे आहे असे वाटेल. नकाशा पुढे घ्यावा, जवळजवळची गावे जोडत जावे, झाले! परंतु गावे थोडी असली तरी ती जोडण्याचे मार्ग किती असतात हे इंग्लिश गणिती आर्थर केली यांच्या १८८९ च्या लेखातील सूत्रावरून ध्यानात येते. कोठेही वेढा न होऊ देता दहा गावे एका जाळ्यात गुंफण्याचे मार्ग दहा कोटी भरतात. गावे वीस झाली की ती संख्या चोवीस आकडी होते. सर्व मार्ग मांडून त्यांतला स्वस्त तो निवडायचा म्हटले तर कारकुनांच्या पिढ्यानपिढ्या त्या हिशेबात खपल्या असत्या, आणि गावे अंधारातच राहिली असती.

हा प्रश्न ज्यांच्यापुढे आला ते ओतकार बोरूव्का हे त्या वेळी ब्र्नोच्या मासारिक विद्यापीठातील एक तरुण गणिती होते. १८९९ मध्ये मोरावियातीलच उहेर्स्की ओस्त्रोह या गावी त्यांचा जन्म झाला. प्रथम त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, मग ते शुद्ध गणिताकडे वळले, आणि मातिआश लेर्ख यांच्यासारखा नाणावलेला विश्लेषक त्यांना गुरू लाभला. लेर्ख १९२२ मध्ये वारले. त्यानंतर एदुआर्द चेख ब्र्नोस आले आणि त्यांनी बोरूव्कांना भूमितीची गोडी लावली. मासारिक विद्यापीठही नवेच होते; चेक भाषेत उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ ब्र्नोत असावे ही मोरावियातील चेक लोकांची मागणी जर्मनभाषकांच्या विरोधामुळे अनेक वर्षे तुंबून राहिली होती, ती १९१९ मध्ये पुरी झाली. वीज कंपनीतील काही मंडळींशी बोरूव्कांचा स्नेह होता, आणि त्या स्नेहापोटीच हा प्रश्न त्यांच्या कानी आला. त्यांचे पहिले शिक्षण अभियंत्याचे झाल्यामुळे असल्या व्यावहारिक प्रश्नांविषयी त्यांच्या मनात यत्किंचितही तुच्छता नव्हती, आणि हीच गोष्ट मला त्यांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण कंपनीच्या कचेरीतून आलेला प्रश्न आपल्या योग्यतेचा नाही असे त्या काळच्या एखाद्या विद्वानाने म्हटले असते तर त्याला कोणी नावे ठेवली नसती.

बोरूव्कांची रीत सांगायला सोपी आहे. प्रत्येक गावाने आपल्या सर्वांत जवळच्या गावाशी तार जोडावी. एवढ्याने गावांचे लहानमोठे पुंजके तयार होतात. मग प्रत्येक पुंजका हेच जणू एक गाव आहे असे मानून त्याने आपल्या सर्वांत जवळच्या पुंजक्याशी एक तार जोडावी. आणि सर्व मिळून एकच पुंजका उरेपर्यंत हीच कृती करीत राहावे. प्रत्येक फेरीत प्रत्येक पुंजका निदान दुसऱ्या एकात मिळून जातो, म्हणून पुंजक्यांची संख्या दर फेरीस निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, आणि हजार गावे असली तरी दहा फेऱ्यांच्या आत सारे काम आटोपते. या रीतीने निघणारे जाळे खरोखरच सर्वांत स्वस्त असते याचे कारणही सामान्य वाचकाला समजेल असे आहे. समजा, एखाद्या स्वस्त म्हणविलेल्या जाळ्यात एक गाव आपल्या निकटतम शेजाऱ्याशी सरळ जोडलेले नाही. ती तार आपण जोडली की एक वेढा तयार होतो. त्या वेढ्यात याच गावातून निघणारी दुसरी एक तार असलीच पाहिजे, आणि ती अर्थातच अधिक लांब असणार. ती काढून टाकली तरी सर्व गावे जोडलेलीच राहतात आणि खर्च उतरतो. म्हणजे पहिले जाळे सर्वांत स्वस्त नव्हतेच. सर्व अंतरे परस्परांहून भिन्न आहेत एवढे मात्र येथे गृहीत धरावे लागते, आणि बोरूव्कांनी ते धरलेही होते.

१९२६ मध्ये त्यांनी या विषयावर एक नव्हे तर दोन लेख प्रसिद्ध केले. पहिला, एका न्यूनतमविषयक प्रश्नासंबंधीचा, मोरावियातील निसर्गविज्ञान मंडळाच्या नियतकालिकात आला. तो गणितज्ञांसाठी असून संख्यांच्या कोष्टकांनी आणि चिन्हांनी इतका जड झाला आहे की आजच्या अभ्यासकालाही तो वाचताना नेट लावावा लागतो. याचा दोष बोरूव्कांकडे जात नाही. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचे आलेखशास्त्र तेव्हा स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिलेले नव्हते. त्यावरील पहिला ग्रंथ बुडापेस्टचे देनेश केनिग यांनी लिहिला तो १९३६ मध्ये, म्हणजे पुरत्या दहा वर्षांनी. दुसरा लेख विद्युत अभियंत्यांच्या चेक नियतकालिकात आला. तो अगदी थोडक्या पानांचा आहे. त्यात सिद्धता नाही, चिन्हांचा पसारा नाही. विखुरलेल्या ठिपक्यांची आकृती घेऊन एकेक फेरीत तारा कशा पडत जातात एवढे लेखकाने चित्रांनी दाखविले आहे. या दुसऱ्या लेखाविषयी मला विशेष आदर वाटतो. शोध लागल्यावर तो आपल्या विद्वद्बंधूंपुढे ठेवून मोकळे होणे सोपे असते. ज्याने प्रश्न विचारला त्याच्या हाती, त्याच्या भाषेत आणि त्याला कामास येईल अशा रूपात उत्तर नेऊन देणे हे वेगळे कर्तव्य आहे, आणि ते पुष्कळदा कोणी करीत नाही. बोरूव्कांनी ते त्याच वर्षी केले. मग ते पॅरिसला एली कार्तां यांच्याकडे भूमितीच्या अध्ययनास गेले, आणि पुढील आयुष्य त्यांनी विकलक भूमिती, विकलक समीकरणे आणि बीजगणित यांतच घालविले.

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील वोइत्येख यार्निक हे संख्या-सिद्धांताचे मर्मज्ञ. त्यांनी बोरूव्कांचा लेख वाचला आणि त्यांना एक निराळा, अधिक साधा मार्ग सुचला: कोणत्याही एका गावापासून आरंभ करावा, आणि जोडलेल्या गावांना जे सर्वांत जवळचे न जोडलेले गाव असेल ते दर खेपेस जोडीत जावे. हा मार्ग त्यांनी बोरूव्कांना पत्राने कळविला. तो पत्ररूपानेच १९३० मध्ये त्याच नियतकालिकात, त्याच मथळ्याखाली छापला गेला. पुढे १९३४ मध्ये मिलोश क्यॉस्लर यांच्यासह यार्निकांनी प्रश्न आणखी पुढे नेला. तारेला फाटा गावातच फुटावा असे बंधन का? मोकळ्या माळावरही खांब रोवून तेथून फाटे काढता आले तर? समभुज त्रिकोणाच्या तीन कोनांवर तीन गावे असतील, तर मध्यावर असा एक खांब रोवल्याने सुमारे १३.४ टक्के तार वाचते. पण एवढीशी मोकळीक दिल्याबरोबर प्रश्नाचा स्वभावच पालटतो. या प्रश्नाचे एक सामान्य रूप १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी कॅलिफोर्नियात सिद्ध केलेल्या २१ दुर्घट प्रश्नांच्या यादीत समाविष्ट आहे, आणि अशा प्रश्नांना मोठ्या प्रमाणावर खात्रीने व जलद सोडविणारी रीत अद्यापि सापडलेली नाही.

मग दुसरे महायुद्ध आले. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझी अंमलदारांनी सर्व चेक विद्यापीठे बंद केली. महायुद्ध संपेपर्यंत ती उघडली नाहीत.

युद्धोत्तर काळात हाच वृक्ष (वेढा नसलेल्या जाळ्याला गणितज्ञ वृक्ष म्हणतात) एका अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उगवला. १९४५ मध्ये सरहद्दी फिरल्या, जर्मनांचे ब्रेस्लाऊ पोलंडचे व्रोत्स्वाव झाले, आणि ल्वूव सोडून आलेले पोलिश विद्वान तेथे स्थायिक झाले. हुगो स्टाइनहाउस हे त्यांपैकीच एक. ल्वूवचे मानववंशशास्त्रज्ञ यान चेकानोव्स्की यांनी १९०९ पासून कवट्यांच्या मोजमापांवरून त्यांचे गट पाडण्याच्या पद्धती रूढ केल्या होत्या, तेव्हा पोलिश मानववंशशास्त्रात मोजमापांची कोष्टके विपुल होती, परंतु त्यांतून गट कसे वेगळे काढावेत याविषयी एकमत नव्हते. १९५१ मध्ये स्टाइनहाउस, फ्लोरेक, वुकाशेविच, पेर्कल आणि झुब्झित्स्की या पाच जणांनी उत्तर दिले. प्रत्येक नमुना हा एक ठिपका मानावा. दोन नमुन्यांतील भेद हे त्यांचे अंतर मानावे. त्या सर्व ठिपक्यांचा सर्वांत आखूड वृक्ष काढावा. आणि मग त्यातील सर्वांत लांब रेषा एकामागून एक तोडाव्यात, म्हणजे नमुने आपोआप गटागटांत विभागले जातात. मोरावियात तार वाचविण्यासाठी काढलेला वृक्ष येथे सजातीय वस्तूंना एकत्र व विजातीयांना दूर करण्याचे साधन झाला! या पद्धतीला व्रोत्स्वाव वर्गीकरण असे नाव पडले.

पुढे १९६९ मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रातील जॉन गोवर आणि गॅविन रॉस यांनी हा वृक्ष आणि संख्याशास्त्रात तोपर्यंत स्वतंत्रपणे प्रचारात आलेली, निकटतम शेजाऱ्यांवरून गट बांधण्याची पद्धत यांतील नाते स्पष्ट केले. आज मशीन लर्निंगचे विद्यार्थी कोणी न सांगता यंत्राने माहितीचे गट पाडावेत यासाठी ज्या रीती शिकतात, त्यांत ही रीत अगदी पहिल्या काही धड्यांतच येते.

अमेरिकेतील इतिहास लवकर सांगून होण्यासारखा आहे. प्रिन्स्टनमध्ये जोसेफ क्रुस्कल या तरुणाच्या हाती बोरूव्कांच्या लेखाचा जर्मन गोषवारा टंकलिखित रूपात पडला. ती रीत त्यांना उगाच गुंतागुंतीची वाटली, आणि सर्वांत आखूड रेषेपासून चढत्या क्रमाने, वेढा न होऊ देता रेषा निवडीत जाण्याची आपली रीत त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. बोरूव्कांचा उल्लेख त्यांनी प्रामाणिकपणे केला. १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट प्रिम यांनी दूरध्वनीच्या तारांचा विचार करताना, आणि १९५९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी संगणकाच्या पाठीमागील फळीवरील तांब्याची तार वाचविण्याच्या हेतूने, जी रीत शोधली ती यार्निकांचीच होती. परंतु चेक भाषेतील ते पत्र दोघांच्याही दृष्टीस पडलेले नव्हते. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत प्रिम यांचे नाव रूढ झाले. १९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेचे रोनल्ड ग्रॅहम आणि कॅनडातील पावोल हेल यांनी या प्रश्नाचा समग्र इतिहास लिहून यार्निकांचे श्रेय त्यांच्या पदरी घातले, आणि बोरूव्कांच्या दोन्ही लेखांचा इंग्रजी तर्जुमा प्रागचे यारोस्लाव नेशेत्रिल, एव्हा मिल्कोव्हा आणि हेलेना नेशेत्रिलोव्हा यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ लेखाला तोवर पंचाहत्तर वर्षे झाली होती.

क्रुस्कल यांना जी गुंतागुंतीची वाटली तीच बोरूव्कांची रीत उत्तरोत्तर अधिक उपयोगी ठरली, ही घटना मला मोठी उद्बोधक वाटते. क्रुस्कल आणि यार्निक यांच्या रीतींत एका वेळी एकच रेषा निवडली जाते. बोरूव्कांच्या रीतीत सर्व गावे एकदमच आपापला शेजारी शोधतात, आणि कोणालाही संपूर्ण नकाशा ठाऊक असण्याची गरज पडत नाही. संगणकच एकमेकांशी तारांनी जोडले जाऊ लागले तेव्हा हा गुण उठून दिसला. १९८३ मध्ये रॉबर्ट गॅलगर, पिएर हम्ब्ले आणि फिलिप स्पिरा यांनी, केवळ शेजाऱ्यांना निरोप धाडून जाळ्यातील यंत्रांनी आपला वृक्ष स्वतःच कसा बांधावा याची रीत दिली; तिच्या मुळाशी पुंजक्यांनी पुंजके जोडण्याचीच कल्पना आहे. १९९५ मध्ये डेव्हिड कार्गर, फिलिप क्लाइन आणि रॉबर्ट टार्जन यांनी बोरूव्कांच्या फेऱ्यांना यदृच्छेची जोड देऊन, रेषांच्या संख्येच्या प्रमाणातच सरासरीने वेळ घेणारी रीत सिद्ध केली. त्याच वर्षीच्या जुलैत बोरूव्का ब्र्नो येथे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निधन पावले. २०१० मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी प्रचंड माहितीसाठ्यांतील असंख्य ठिपक्यांचा वृक्ष त्वरेने काढण्यासाठी पुन्हा हीच फेऱ्यांची रीत घेतली, आणि गट पाडणाऱ्या काही प्रचलित संगणकीय साधनांत आता बोरूव्का या नावाचा एक पर्याय निवडता येतो.

प्रश्न मात्र अजून पुरता मिटलेला नाही. यदृच्छेचा आश्रय न घेता, केवळ रेषांच्या संख्येच्या प्रमाणातच वेळ घेणारी रीत आहे काय? २००० मध्ये प्रिन्स्टनचे बर्नार्ड शाझेल त्या सीमेच्या अगदी निकट पोहोचले. २००२ मध्ये सेठ पेटी आणि विजया रामचंद्रन यांनी टेक्सास विद्यापीठातून एक रीत प्रसिद्ध केली आणि तुलनेवर चालणाऱ्या रीतींत हिच्याहून जलद रीत, एखाद्या ठरावीक पटीपलीकडे, असूच शकत नाही असे सिद्धही केले. परंतु तिला नेमका किती वेळ लागतो हे त्यांना सांगता आले नाही, आणि ते आजही कोणी ठरवू शकलेले नाही.