कैसर : रोमहून आलेला किताब

'कैसर' हे नाव आपल्या घरांत मुलांनाही ठेवतात आणि मुलींनाही. ऐकणारा ते अरबी किंवा फारसी समजतो. मूळ शब्द मात्र लॅटिन आहे.

जुलियस सीझरचं ते घराण्याचं नाव. त्याचा दत्तक वारस ऑगस्टस याने ते लावलं, पुढच्या सम्राटांनीही लावलं आणि नावाचा किताब झाला. अर्थाबद्दल रोमन लेखकांतच मतभेद होते. कुणी 'कापून काढलेला' म्हणे, कुणी 'दाट केसांचा'. प्राचीन लॅटिन उच्चार 'कैसर'च्याच जवळचा होता. 'सीझर' हे इंग्रजी वळण. म्हणजे या शब्दापुरती आपली उर्दू रोमला अधिक जवळची!

अरबीत रोमच्या बादशहाला कैसर म्हणत. पैगंबरांनी (स.) हिरक्ल या कैसरला पत्र पाठवलं होतं. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर उस्मानी सुलतान दुसरा मेहमद स्वतःला 'कैसर-ए-रूम' म्हणवू लागला. त्याच्या कितीतरी आधी, अटकजवळच्या आरा शिलालेखात एका कनिष्काच्या बिरुदांत 'कैसर' वाचला जातो.

१८७६ च्या कायद्याने व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञीपद मिळालं. त्याचा देशी प्रतिशब्द 'कैसर-ए-हिंद' लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचे प्राचार्य लाइटनर यांनी सुचवला. शब्द लोकांच्या ओळखीचा होता, पण मोगलांच्या 'पादशाह'ची आठवण देणारा नव्हता. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात तो जाहीर झाला. १९०० पासून याच नावाचं पदक देण्यात येऊ लागलं. खिलाफत आणि असहकाराच्या काळात, १९२० मध्ये, गांधीजींनी आणि हकीम अजमल खान यांनी आपापली पदकं सरकारला परत केली. १९४८ मध्ये इंग्लंडच्या राजाने सम्राटपदच सोडलं.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला आहे. नाणं जुनं, शिक्का नवा. कैसर या शब्दाचंही तसंच झालं. रोमन, कुशाण, उस्मानी, इंग्रज अशा प्रत्येकाने त्यावर आपला शिक्का मारला.

म्हणून एखाद्या कैसरला 'हे नाव इथलं नाही' असं कुणी ऐकवलं, तर हा हिशोब मांडावा. हे नाव कुणा एका धर्माचं नाही, आणि या भूमीला ते अठराशे वर्षांपासून ठाऊक आहे.