विलायती, जपानी आणि गावठी

आमच्या कृष्णाकाठी कुठलीही जिन्नस हातात घेतली की पहिला प्रश्न असायचा, "कुठली म्हणायची ही?" भाव मागनं. हळद राजापुरी, गूळ कोल्हापुरी, मिरची संकेश्वरी, लुगडं इरकल. गावाचं नाव हीच मालाची हमी. ना त्यावर चिठ्ठी, ना शिक्का. बनवणाऱ्याला आपण कधी बघणार नाही, पण त्याच्या गावाची अब्रू आपल्याला ठाऊक आहे, एवढ्यावर बाजार चालायचा.

साहेबाच्या राज्यात या यादीत एक शब्द येऊन बसला, विलायती. समुद्रापलीकडनं जे आलं ते सगळं विलायती. मेक्सिकोकडचं झाडसुद्धा आमच्या बांधावर 'विलायती चिंच' झालं. आजीच्या तोंडी साखरेचं नाव 'मोरस' होतं. मॉरिशस बेटावरून येणारी म्हणून मोरस. ती पांढरी करायला हाडं वापरतात, हे कळल्यावर 1905 च्या स्वदेशी चळवळीत कितीतरी घरांनी ती सोडली आणि गूळ धरला. म्हणजे परदेशाचं नाव मोठेपणा देतं तसा संशयही देतं. कुठला देश, कुठली वस्तू आणि काळ कोणता, यावर ते ठरतं.

याचा सगळ्यात गमतीचा दाखला खुद्द साहेबाच्या घरचा आहे. इंग्लंडात शेफील्डचे चाकू-कात्र्या नावाजलेल्या. जर्मनीतले कारखानदार स्वस्त माल काढून त्यावर शेफील्डचं नाव ठोकत. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातला आपल्याच देशाचा माल बघून रॉयलो नावाच्या जर्मन पंडितानं तो स्वस्त आणि टाकाऊ असल्याचं लिहिलं होतं. 1887 साली इंग्लंडनं कायदा केला की, असला परका माल विकायचा तर त्यावर मूळ देश लिहा. हेतू हा की 'मेड इन जर्मनी' वाचून गिऱ्हाईक तोंड फिरवील. झालं भलतंच. जर्मनांनी माल सुधारला आणि तोच शिक्का दहा-वीस वर्षांत भूषण होऊन बसला. डाग म्हणून मारलेलं गोंदण दागिन्यासारखं मिरवलं गेलं. आमच्या लग्नाच्या मांडवात पेट्रोमॅक्सची बत्ती आली की लोक अभिमानानं सांगायचे, "जर्मनची हाय."

आपल्याकडं ही लढाई नांगरावर झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा त्यांच्यापुढं दोन भिंती होत्या. एक समजुतीची. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत. दुसरी भिंत नावाची. इंग्लंडातल्या इप्सविचच्या रॅन्सम कंपनीचे नांगर इकडं येत होते, आणि लोखंडाचं काम साहेबालाच जमायचं अशी सगळ्यांची खात्री. काळ्या माणसानं ओतलेला नांगर कोण घेणार? पहिले नांगर खपायला वर्षं गेली. 1910 साली औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला, तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं 1914 च्या महायुद्धानं परदेशी मालाची वाट अडवली आणि देशी कारखान्यांना दम धरायला जागा मिळाली. 1916 साली कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला काचकारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील अमेरिकेच्या डिट्झ कंदिलासमोर उभा राहिला आणि घराघरातल्या खुंटीवर जाऊन बसला.

आता हे सगळं देशभक्तीनं झालं असं पुस्तकात वाचायला मिळतं. देशभक्ती होतीच. पण आमच्या आबांनी वाडीचा नांगर घेतला, त्याचं कारण ते वेगळं सांगायचे. "साह्यबाचा फाळ मोडला तर त्यो बोटीनं यायचा. वाडीचा फाळ सांजच्या गाडीनं येतुया." शेतकऱ्याचा हिशेब हा असा. वाफशाचे दिवस चार. त्या चार दिवसांत नांगर बंद पडला तर वरीस गेलं. त्याला वस्तूची किंमत परवडते, वस्तू बंद पडण्याची किंमत परवडत नाही. म्हणून तो नाव बघतो. लांबच्या देशाच्या नावावर त्याचा विश्वास बसतो, कारण ते नाव चार ठिकाणी पारखलेलं असतं. आणि जवळच्या गावाचं नाव तो उचलून धरतो, कारण तिथं जाऊन भांडता येतं.

1960 नंतर आमच्या भागात उसासाठी विहिरीवर इंजिनं आली, तेव्हा हाच हिशेब पुन्हा झाला. इंग्लंडच्या डर्स्ली गावचं लिस्टर इंजिन म्हणजे इंजिनांतला पाटील. मोठी दोन चाकं, संथ ठोका, वर्षानुवर्षं चालायचं. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना 1946 साली निघालेला. आणि लिस्टरचा नमुना बघून राजकोटकडं शेकडो इंजिनं ओतली जात. त्यांतली कितीतरी चांगली चालली. पण नाव उसनं घेतलं की खरं-खोटं निवडणं अवघड होतं. आमच्या एका चुलत्यानं अर्धा एकर गहाण टाकून इंजिन घेतलं. पितळी पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिस्टर आणि खाली बारीक अक्षरांत 'टाइप'. चुलत्याला इंग्रजी येत नव्हतं. भर उन्हाळ्यात त्याचा क्रँक मोडला. बनवणाऱ्याचा पत्ता कुणाला माहीत नव्हता, आणि विकणाऱ्यानं हात वर केले. ऊस डोळ्यांदेखत वाळला. ते गहाण सोडवायला अकरा वर्षं लागली. एका बारीक शब्दाचं मोल आमच्या भावकीला तेव्हा कळलं. चुलती नंतर कुठलीही वस्तू घेताना पोरांना आधी अक्षरं वाचायला लावायची. "बारीक लिवल्यालं वाचा, थोरलं समद्यास्नी दिसतंय."

देशाचं नाव कसं पालटतं हे एका पिढीनं जपानच्या बाबतीत पाहिलं. 1930 नंतर जपानी कापड इतकं स्वस्त येऊ लागलं की, 1933 साली सरकारनं त्यावर जकात 75 टक्क्यांपर्यंत चढवली. तेव्हा 'जपानी' म्हणजे दिसायला झकपक आणि दोन धुण्यांत इरलेलं. पन्नास वर्षांनी, 1985 च्या सुमारास, हिरो होंडा रस्त्यावर आली. मग तोच शब्द कमी तेलात लांब पळणाऱ्या, न कुरकुरणाऱ्या यंत्राचा झाला. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे मान खाली घालून तीच गाडी मागू लागले. दोन्ही कंपन्या वेगळ्या होऊनही वर्षं लोटली, पण आमच्याकडं अजून हिरो होंडाच म्हणतात.

आज 'चायना' हा शब्द त्या जुन्या जपानीच्या जागी आहे. बॅटरी विझली की "चायनाचीच होती" म्हणायचं आणि खिशातला फोनही बहुधा तिकडच्याच भागांनी जुळलेला असायचा. हा शब्दही पालटेल. रॉयलोचा जर्मनी पालटला, दोन धुण्यांचा जपान पालटला.

उरतो तो 'गावठी' हा शब्द. त्याचा खरा अर्थ गावचा, एवढाच. शंभर-दीडशे वर्षांत तो शिवी झाला. आता शहरातल्या दुकानात 'गावरान' असं लिहिलं की अंडी नि तूप दुप्पट भावानं जातं. पण ती पाटी लावणारा बहुतेकदा गावचा नसतो. कोंबडी आमची, म्हैस आमची, आणि नावाची कमाई दुसऱ्याची. किर्लोस्करांनी नि ओगल्यांनी मालावर आपल्या वाडीचं नाव टाकलं, आणि मोडल्यावर दारात येणाऱ्याला तोंड दिलं. आमच्या पोरांनी तुपाच्या बरणीवर गावाचं नाव घालायचं ठरवलंय, त्यांना माझं सांगणं इतकंच. पत्ता ठळक अक्षरांत लिहा.