मारबत व बडगे

नागपूर शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मिरवणुकीने काढून शहराबाहेर जाळण्यात येणारे पुतळे. स्त्रीरूपातील मोठ्या पुतळीस ‘मारबत’ आणि तिच्याबरोबरच्या पुरुषरूपातील पुतळ्यांस ‘बडगे’ (एकवचनी ‘बडग्या’) म्हणतात. रोगराई, दारिद्र्य व संकटे या पुतळ्यांबरोबर गावाच्या शिवेबाहेर जातात, अशी समजूत आहे. या प्रथेचे मूळ ग्रामीण आहे. विदर्भातील अनेक खेड्यांत पोळ्याच्या दिवशी दाराशी ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या दुसऱ्या दिवशी पहाटे गोळा करून, रोगांची नावे घेत, शिवेपलीकडे टाकण्यात येतात. नागपुरात या साध्या विधीस मूर्तिकलेचे व मिरवणुकीचे रूप आले आणि त्यास राजकीय अर्थ चिकटला.

त्या अर्थाचा उगम सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या घडामोडींत आहे. सीताबर्डी ही जुन्या शहराच्या पश्चिमेस असलेली जोडटेकडी. दुसरे रघूजी भोसले १८१६ मध्ये मरण पावल्यावर त्यांचा दुर्बल मुलगा परसोजी गादीवर आला; १८१७ च्या प्रारंभी त्याचा खून होऊन सत्ता आप्पासाहेब भोसले यांच्या हाती गेली. इंग्रजांच्या तैनाती फौजेचा करार स्वीकारूनही आप्पासाहेब पेशव्यांच्या पक्षाकडे झुकले. तेव्हा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने आपले थोडके सैन्य सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्यांवर आणून ठेवले. २६ नोव्हेंबर १८१७ रोजी सायंकाळी तोंड लागलेली ही लढाई दुसऱ्या दिवशीही चालू राहिली. भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी काबीज केली होती. तथापि अखेरीस इंग्रजांची सरशी झाली. डिसेंबरमध्ये नागपूर पडले. पुढे आप्पासाहेब कैद झाले व कैदेतून निसटले. इंग्रजांनी मोठ्या टेकडीवर किल्ला बांधला. तो आज भारतीय सैन्याच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्या दिवशीच लोकांस पाहावयास मिळतो.

१८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविण्यात आला आणि त्याच्या नावे कारभार पाहण्यासाठी दुसऱ्या रघूजींची विधवा बाकाबाई हिला नेमण्यात आले. प्रत्यक्ष सत्ता मात्र जेंकिन्सकडेच होती. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले व पुढील वर्षी लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. १८५७ च्या उठावात बाकाबाईने इंग्रजांची बाजू धरली. १८५८ मध्ये ती मरण पावली.

काळी मारबत ही याच बाकाबाईची प्रतिमा होय, असे नागपुरात मानले जाते. ही मारबत १८८१ पासून निघत असल्याचे सांगतात. पुतळी काळी असून तिची जीभ बाहेर लोंबते. कृष्णाने मारलेल्या पूतनेशीही तिचे नाते जोडले जाते आणि मूळ कल्पना तीच असावी, असे मानण्यास जागा आहे. कारण बाकाबाईच्या मृत्यूस तेव्हा तेवीस वर्षे लोटली होती. परकी राजवटीविरुद्ध उघडपणे बोलणे कठीण असलेल्या काळात, मेलेल्या राणीवर राग काढणे सोपे व निर्धोक होते. बाकाबाईवर हा न्याय झाला काय, हा प्रश्न वेगळा. १८५४ नंतर दत्तकासाठी दाद मागणाऱ्या राजघराण्यातील स्त्रियांत तीही होती, ही गोष्ट लोकस्मृतीने ठेवली नाही.

पिवळी मारबत १८८५ मध्ये तऱ्हाणे तेली समाजाच्या मंडळींनी सुरू केली, असे मानतात. तिचे स्वरूप निराळे आहे. ती शिव्याशापांची धनी नसून देवी आहे. स्त्रिया लहान मुलांस तिच्या पायांवर घालतात व नंतरच तिला निरोप देण्यात येतो. दोन्ही पुतळ्या बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर कागद व कापड चढवून आणि रंगवून तयार करतात. इतवारी भागात त्या एकमेकींसमोर येतात, तो या दिवसाचा सर्वांत गर्दीचा क्षण होय.

मारबतीचे रूप पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी ठरलेले असते. कारागिराच्या कल्पकतेस खरा वाव बडग्यांत मिळतो. बडग्या दरवर्षी नवा असतो. महागाई, भ्रष्टाचार, साथीचे रोग, दहशतवादी, लोकांच्या रोषास पात्र झालेला एखादा पुढारी, असे चालू वर्षाचे जे काही असेल ते त्याच्या रूपाने उभे राहते. अंगावर व हातातील फलकावर उपरोधिक मजकूर लिहिलेला असतो. वृत्तपत्रातील व्यंगचित्र, तमाशातील बतावणी आणि चौकातील गप्पा यांतून सामग्री घ्यावी तसा हा प्रकार आहे. व्यंगचित्रकाराप्रमाणेच बडग्या घडविणारासही नाक, पोट वा मिशी यांपैकी एखादे लक्षण फुगवून माणूस ओळखू आणावा लागतो. फरक इतकाच, की हे चित्र काही तासांत जळून जावयाचे असते. त्यामुळे या कलेचे जुने नमुने उरत नाहीत. बाकाबाई हीदेखील, या दृष्टीने, कायम राहिलेला एक बडग्याच म्हणावी लागेल.

याच दिवशी नागपुरात लहान मुले लाकडी बैल मिरवितात. तान्हा पोळा म्हणून प्रसिद्ध असलेली ही प्रथा दुसऱ्या रघूजींनी सुरू केली, असे मानतात. म्हणजे पतीच्या नावाचा खेळ व पत्नीच्या नावाचा धिक्कार एकाच दिवशी होतो.

रोगराई घालविण्यासाठी निघणारी ही मिरवणूक २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे काढता आली नाही.