नांदण्याचा दावा आणि हैदराबादचा निवाडा

विवाह हा आपल्याकडे संस्कार मानिला आहे. सप्तपदीच्या सातव्या पावलाशी वर वधूला सखी म्हणून संबोधितो. परंतु ही सखी नांदावयास येत नसेल, तर तिला न्यायालयाच्या हुकमाने आणवावे काय? या प्रश्नाचे एक निर्भीड उत्तर हैदराबादेत मुसी नदीच्या तीरी दिले गेले. त्याचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

नांदण्याचा दावा धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडातील चर्चच्या न्यायालयांतून इंग्रजी अमलाबरोबर येथे आला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंवर 1884 मध्ये मुंबईस तो लावला गेला. न्या. पिन्ही यांनी 1885 मध्ये तो फेटाळला. पण अपिलानंतर, 1887 मध्ये, नांदावयास जा नाही तर सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दाखविली. टिळकांसारखे धुरीण त्यांच्या विरुद्ध उभे राहिले; परकीय दाव्याची पाठराखण धर्मरक्षण ठरली! 1888 मध्ये तडजोड झाली आणि पुढे रखमाबाई डॉक्टर झाल्या.

1955 च्या हिंदु विवाह कायद्याच्या 9 व्या कलमाने हा दावा पती-पत्नी दोघांसही खुला ठेविला. अभिनेत्री सरिता यांच्या खटल्यात, 1983 मध्ये, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. पी. ए. चौधरी यांनी ते कलम घटनाबाह्य ठरविले. त्यांचा युक्तिवाद मननीय आहे: कायद्याचे शब्द समान असले तरी फळ समान नाही. हुकमाने घडणाऱ्या सहवासातून गर्भधारणेचा भार स्त्रीच्याच देहावर पडतो. आपल्या देहाचा निर्णय तिच्या हाती उरत नाही.

1984 मध्ये सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य केले. संसार सावरणे हा कलमाचा हेतू असून हुकूम मोडल्यास केवळ मालमत्तेवर जप्ती येते, असे त्याने म्हटले. गंमत अशी, की त्या खटल्यात नांदण्याचा हुकूम पत्नीनेच मिळविला होता. वर्षभर सहवास न झाल्याच्या आधारे पतीने त्यातूनच घटस्फोट साधला. इंग्लंडने तर हा दावा 1970 च्या कायद्याने रद्दच केला.

संसार टिकावा, हे आम्हांसही वाटते. परंतु पत्नीने पतीच्या घरी असावे हे गृहीत धरून लाविलेला हुकूम घर भरील, मन नव्हे. सख्य मागून मिळते, जप्तीने नाही. मुसीकाठचा निवाडा टिकला नाही. त्याने विचारिलेला प्रश्न मात्र प्रत्येक विवाहमंडपात उभा आहे.