डुकराच्या फुप्फुसातले ७२ तास

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात १४ वर्षांची शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली. देशातला हा पहिला बळी. हा विषाणू मेक्सिकोतल्या डुकरांमध्ये जुळून आला असावा, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. अशी जुळणी फुप्फुसात कशी होते, त्याचा हा घटनाक्रम. वेळा ढोबळ आहेत.

० तास : विषाणू नाकावाटे आत शिरतो. माणसाचा फ्लू असो की पक्ष्याचा, डुकराच्या श्वासमार्गात दोघांनाही चिकटायला जागा मिळते.

१ तास : विषाणूचे आठ जनुकखंड पेशीच्या केंद्रकात पोचतात. रिग-आय हे प्रथिन परका आरएनए ओळखून इशारा देते. विषाणूचे एनएस१ प्रथिन तो इशारा दाबू पाहते.

६ ते ८ तास : नवे विषाणू पेशीबाहेर पडू लागतात. त्याच पेशीत दुसऱ्या जातीचा फ्लू असेल, तर खंडांची अदलाबदल होते. २५६ जुळण्या संभवतात. साथीचे बीज इथेच पडते.

२४ तास : रिग-आयच्या इशाऱ्यामुळे तयार झालेल्या इंटरफेरॉन या प्रथिनाच्या हाकेसरशी फुप्फुसातली शेकडो जनुके कामाला लागतात. त्यांपैकी एमएक्स१ विषाणूच्या प्रती निघू देत नाही, ओएएस त्याचा आरएनए तोडायला लावते. पण नाकातून विषाणू आधीच बाहेर पडू लागलेला असतो आणि डुक्कर अजून धडधाकट दिसते.

४८ तास : ताप, खोकला, खाण्यावरची वासना उडालेली. सीएक्ससीएल१० हे प्रथिन पांढऱ्या पेशींना बोलावते, आयएल-६ हे प्रथिन दाह वाढवते. फुप्फुसावर जांभळट लाल चट्टे उठतात.

७२ तास : लागण कळपभर पसरलेली असते. आठवड्याभरात बहुतेक डुकरे बरी होतात, मरतात क्वचितच. म्हणूनच कुणी फारसे लक्ष देत नाही.

पुण्यात मात्र त्या ऑगस्टमध्ये शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या.

जनुकांचा बंदोबस्त डुकराला वाचवतो, गावाला नाही. पिशोरसारखे गाव असो वा पुण्यासारखे शहर, डुकरे खोकू लागली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि स्वतःला फ्लू झाला असेल, तर बरे होईपर्यंत डुकरांजवळ जाऊ नका. २००९चा विषाणू माणसांकडूनही डुकरांना लागला होता.